या चुका टाळा: छेदातल्या बारीक रक्तवाहिन्या ओळखताना

स्पॉटिंगच्या, म्हणजे बाणाखालची रचना ओळखून नाव लिहिण्याच्या परीक्षेच्या, टेबलावर मांडलेल्या काचपट्ट्यांमध्ये रक्तवाहिनीची काचपट्टी सर्वांत सोपी, असा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा पिढीजात समज आहे. मोठी रोहिणी आणि मोठी नीला शेजारीशेजारी असलेला तो ठरावीक छेद खरोखरच सोपा असतो, कारण तो नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतो. मात्र बाणाचे टोक एखाद्या ग्रंथीच्या कडेला दडलेल्या चाळीस मायक्रॉनच्या वाहिनीवर ठेवले, की उत्तरपत्रिकेत ‘ब्लड व्हेसल’ एवढेच लिहून येते आणि कारणाच्या रकान्यात ‘आत रक्त दिसते’ असे तीन शब्द येतात. हिस्टॉलॉजी, म्हणजे ऊतींची सूक्ष्म रचना, शिकवायला लागून मला वीसहून अधिक वर्षे झाली. या काळात आरशाच्या सूक्ष्मदर्शकांच्या जागी दिव्याचे सूक्ष्मदर्शक आले, हाताने काढलेल्या तक्त्यांच्या जागी पडदे आले, पण हे तीन शब्द जागचे हलले नाहीत. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्यात थोडा वैताग दिसला, तर तो कमावलेला आहे असे समजावे.

शब्दांबद्दल आधी एक खुलासा करते. शाळेच्या पुस्तकातला ‘केशवाहिनी’ हा शब्द नेमका आणि सुंदर असल्यामुळे तो मी ठेवला आहे. रोहिणीच्या सर्वांत बारीक शाखांना आपण वर्गात आर्टेरिओल म्हणतो आणि केशवाहिन्यांचे रक्त गोळा करणाऱ्या बारीक नीलांना व्हेन्यूल म्हणतो, ते शब्द येथेही तसेच येतील.

रक्तावरून वाहिनी ओळखणे

ही माझी सर्वांत जुनी तक्रार आहे, म्हणून तिला सर्वांत जास्त जागा देते. तयार छेदात वाहिनीच्या आत रक्त असणे किंवा नसणे हा बऱ्याच अंशी अपघात असतो. प्राणी कसा मेला, ऊती किती वेळाने फॉर्मॅलिनमध्ये पडली, ती काढताना दाबली गेली का, वाहिन्यांतून आधी क्षारजल सोडून रक्त धुऊन काढले होते का, अशा गोष्टींवर ते ठरते. त्यातही मृत्यूनंतर आर्टेरिओल व लहान रोहिण्या आकुंचन पावतात आणि आतले रक्त पुढे ढकलले जाते, त्यामुळे जिच्या भिंतीत सर्वांत जास्त स्नायू आहे तीच वाहिनी छेदात रिकामी दिसते आणि शेजारची ढिली व्हेन्यूल रक्ताने भरलेली दिसते. ग्रीक वैद्य एरासिस्ट्रॅटस याने रोहिण्यांमधून हवेसारखे प्राणतत्त्व वाहते असे मानले आणि त्यांत रक्तच असते हे पुढे गॅलेनला प्रयोगाने दाखवावे लागले, त्याच्या मुळाशी मृत शरीरातली ही रिकामी रोहिणीच होती. रोहिणीसाठीचा आपला ‘धमनी’ हा शब्दसुद्धा फुंकणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून आला आहे आणि भात्याची धमणी त्याच घरातली आहे. एवढ्या जुन्या चुकीत आजच्या विद्यार्थ्याने पडावे याचे मला आश्चर्य वाटत नाही, पण दोन तास सूक्ष्मदर्शकासमोर बसूनही त्याने तिच्यातच राहावे याचे वाटते.

या चुकीची शिक्षा सर्वांत कडक मिळते ती मूत्रपिंडाच्या मेड्युलामध्ये, म्हणजे आतल्या भागात. तेथे हेन्लेच्या पाशाचे, म्हणजे मूत्र तयार करणाऱ्या नळीच्या वळणाचे, पातळ नळीभाग आणि त्यांच्या सोबतीने जाणाऱ्या सरळ केशवाहिन्या, म्हणजे व्हासा रेक्टा, एकमेकांना खेटून असतात आणि दोन्हींची भिंत एकाच चपट्या पेशीथराची असते. तांबड्या पेशी असलेले सगळे गोल ‘वाहिनी’ आणि रिकामे सगळे गोल ‘नळी’ अशी वाटणी केली, की रक्त धुऊन गेलेल्या प्रत्येक केशवाहिनीची नळी होते. थोडे थांबून भिंत पाहिली तर फरक दिसतो. पातळ नळीच्या पेशी एंडोथेलियमपेक्षा, म्हणजे वाहिनीच्या आतल्या पेशीअस्तरापेक्षा, किंचित जाड असतात, त्यांची केंद्रके पोकळीत अधिक ठळकपणे उचललेली असतात आणि एकाच गोलाच्या परिघावर अनेकदा तीन-चार केंद्रके सापडतात. केशवाहिनीच्या गोलात पुष्कळदा एकच केंद्रक असते आणि कधीकधी तेही नसते, कारण पाच मायक्रॉन जाडीच्या कापात ते येईलच असे नाही.

माझी स्वतःची सवय अशी आहे, की बाणाखालच्या रचनेतले रक्त मी मनातल्या मनात पुसून टाकते आणि मगच नाव ठरवते. नाव रिकाम्या वाहिनीलाही लागू पडत असेल तरच ते लिहिण्यासारखे असते. मुलांना हा खेळ वाटतो, पण परीक्षेच्या दिवशी तोच कामी येतो.

आता रक्त पुसल्यावर पाहायचे काय, ते आर्टेरिओलच्या उदाहरणाने नीट सांगते. एंडोथेलियमच्या पेशी वाहिनीच्या लांबीच्या दिशेने लांबट असतात, तर भिंतीतल्या अरेखित स्नायूच्या पेशी तिच्याभोवती बांगडीसारख्या आडव्या गुंडाळलेल्या असतात. त्यामुळे आडव्या छेदात आतल्या कडेला एंडोथेलियमची केंद्रके बारीक गोल ठिपक्यांसारखी दिसतात आणि त्यांच्या बाहेर स्नायूची केंद्रके लांब, किंचित वाकलेली, पोकळीला वेढा घालणारी दिसतात. तीच आर्टेरिओल उभी कापली गेली की चित्र उलटते: आतल्या कडेने लांबट केंद्रकांची रेघ जाते आणि तिच्या बाहेर, वाहिनीच्या दोन्ही बाजूंना, स्नायूची केंद्रके मण्यांच्या सरीसारखी गोल गोल ओळीने उभी राहतात. जर्नलमध्ये गुलाबी-जांभळ्या पेन्सिलीने आर्टेरिओल काढताना सगळी केंद्रके एकाच आकाराची काढणारा विद्यार्थी छेदाकडे न पाहता शेजाऱ्याच्या जर्नलकडे पाहत आहे, हे मला पाच पावलांवरून कळते.

तांबड्या पेशीचा उपयोग नाही असे मात्र नाही. ती फुकट मिळालेली मोजपट्टी आहे. ताजी तांबडी पेशी साधारण साडेसात मायक्रॉन व्यासाची असते आणि पॅराफिनच्या छेदात ती थोडी आक्रसते, म्हणून आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगात, मोजपट्टी नसली तरी पोकळीत किती तांबड्या पेशी शेजारीशेजारी मावतील याचा अंदाज घेता येतो. एकच पेशी कशीबशी मावत असेल तर ती केशवाहिनी, कारण केशवाहिन्यांचा व्यास साधारणपणे पाच ते दहा मायक्रॉन असतो. तीन-चार पेशी मावत असतील आणि भिंतीत तरीही स्नायू नसेल, तर ती केशवाहिनीनंतरची पहिली व्हेन्यूल असते. पोकळी तेवढीच असून तिच्याभोवती स्नायूचे एक-दोन थर असतील आणि भिंतीची जाडी पोकळीच्या जवळपास असेल, तर आर्टेरिओल. ही मोजपट्टी मी त्याच छेदातून घेते. दुसऱ्या छेदातली, दुसऱ्या भिंगाखालची आठवण वापरायची नाही.

एंडोथेलियम नेहमी चपटेच असते असे मानणे

ही चूक मी स्वतः केलेली आहे आणि तीही पदव्युत्तर परीक्षेच्या तोंडीत, त्यामुळे ती सांगताना मला अजूनही घसा खाकरावा लागतो. समोर लिम्फ नोडची, म्हणजे लसीकाग्रंथीची, काचपट्टी होती. बाहेरचे आवरण, त्याखालची पोकळी, कॉर्टेक्समधले, म्हणजे बाहेरच्या भागातले, पेशींचे गोल पुंजके (फॉलिकल) हे सगळे मी भराभर सांगितले आणि परीक्षक खूश दिसल्यामुळे माझा वेग वाढला. मग त्यांनी फॉलिकलांच्या आतल्या बाजूच्या दाट भागात सुई सरकवली आणि एका छोट्या गोल रचनेवर आणून थांबवली. घनाकृती पेशींची एक सुबक रांग, मध्ये छोटी पोकळी, पेशींमधून घुसणारी काही गर्द केंद्रके. ग्रंथीचा स्राव वाहून नेणारी नळी म्हणजे डक्ट, हे डोक्यात होते, म्हणून क्षणाचाही विलंब न लावता मी म्हणाले, “डक्ट आहे, सर.”

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अत्यंत शांतपणे विचारले, “लिम्फ नोडमध्ये डक्ट? ती काय वाहून नेते आणि कुठे उघडते?”

माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तशी डक्ट अस्तित्वातच नाही. ती होती उंच एंडोथेलियमची व्हेन्यूल. लिम्फ नोडच्या पॅराकॉर्टेक्समध्ये, म्हणजे फॉलिकलांच्या आतल्या त्याच दाट भागात, टॉन्सिलमध्ये आणि आतड्याच्या भिंतीतल्या लसीका-ऊतीच्या पुंजक्यांत (पेयर्स पॅच) केशवाहिन्यांनंतरच्या व्हेन्यूलचे अस्तर घनाकृती पेशींचे असते आणि रक्तातले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नेमके याच ठिकाणी भिंत ओलांडून ऊतीत शिरतात. मी ज्यांना ‘पेशींमधून घुसणारी गर्द केंद्रके’ म्हणून सोडून दिले होते, ते वाट ओलांडणारे लिम्फोसाइटच होते. उत्तर अक्षरशः भिंतीत अडकून माझ्याकडे पाहत होते. प्लीहेत मात्र अशा व्हेन्यूल नसतात, हे त्या दिवसापासून मी कधी विसरले नाही, कारण परीक्षकांचा पुढचा प्रश्न तोच होता.

त्यानंतर मी स्वतःला एक नियम घालून घेतला आणि तो आजही पाळते. कोणत्याही नळीला डक्ट म्हणण्याआधी तिचा मालक शोधायचा. आसपास स्राव करणारी ग्रंथी नसेल तर डक्टही नसते. याच नियमाने यकृतातल्या पोर्टल त्रिकोणातला, म्हणजे पित्तनलिका, रोहिणी आणि नीला एकत्र असतात त्या जागेतला, गोंधळही सुटतो. तेथे पित्तनलिका आणि यकृत-रोहिणीची शाखा दोन्ही लहान, गोल आणि जाड कडेच्या दिसतात आणि घाईत एकीला दुसरीचे नाव दिले जाते. पित्तनलिकेची गोल केंद्रके घनाकृती पेशींमध्ये समान अंतरावर, एका उंचीवर बसलेली असतात आणि त्यांच्या बाहेर थेट संयोजी ऊती असते. रोहिणीच्या शाखेत तोच गोल दोन प्रकारच्या केंद्रकांनी बनलेला असतो, जो वर सांगितला. तिघांपैकी सर्वांत मोठी, वाकडीतिकडी, पातळ भिंतीची पोकळी ही पोर्टल नीलेची शाखा. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त तिच्यातून येते, म्हणून ती मोठी असणे साहजिक आहे.

थेट चाळीसच्या भिंगाने सुरुवात करणे

या सवयीबद्दल बोलून माझा आवाज बसला आहे. काचपट्टी ठेवली की खटकन चाळीसचे, म्हणजे चाळीसपट मोठे दाखवणारे, भिंग फिरवणारा विद्यार्थी वाहिनीचे शेजारी कधीच पाहत नाही आणि बारीक वाहिन्यांच्या बाबतीत शेजारीच अर्धे उत्तर असतात. आर्टेरिओल बहुधा एकटी नसते. तिच्या सोबत व्हेन्यूल असते, पुष्कळदा एक बारीक चेताजुडगाही असतो, आणि जोडीतल्या दुसरीशी तुलना केली की पहिलीचे नाव आपोआप ठरते. फुफ्फुसात तर फुफ्फुस-रोहिणीची शाखा श्वासनलिकेच्या सोबत चालते आणि नीला खंडिकांमधल्या पडद्यांतून वेगळी जाते. ही मांडणी चारच्या भिंगाखाली क्षणात दिसते, पण चाळीसच्या भिंगाखाली दिवसभर बसले तरी दिसत नाही. मी स्वतः काचपट्टी आधी खिडकीच्या उजेडात धरते, मग चारच्या भिंगाने एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत शेत नांगरावे तशी फिरवते. यात दोन मिनिटे जातात. ज्यांना ती दोन मिनिटे जड वाटतात, त्यांनी काचपट्ट्यांच्या पेटीतली एकेक काचपट्टी तिच्या फाटलेल्या कोपऱ्यावरून पाठ केलेली असते. “सतरा नंबरची, डावीकडे घडी पडलेली” हे हिस्टॉलॉजीचे ज्ञान नव्हे, आणि पेटी बदलली की त्याचे काय होते ते मी दर वर्षी पाहते.

फटीला आणि चरबीला वाहिनी म्हणणे

ऊती आक्रसताना छेदात चिरा पडतात आणि त्या चिरा केशवाहिन्या म्हणून रंगवल्या जातात. चिरेला अस्तर नसते. कडेला एकही चपटे केंद्रक सापडत नसेल आणि कड फाटल्यासारखी असेल, तर ती चीर समजावी.

चरबीच्या पेशीची फसवणूक जास्त चलाख आहे. पॅराफिनच्या प्रक्रियेत आतला मेद विरघळून गेलेला असतो, त्यामुळे मागे एक रिकामा गोल आणि त्याच्या कडेला चेपलेले एक चपटे केंद्रक उरते, म्हणजे हुबेहूब पातळ भिंतीची वाहिनी. अशा रिकाम्या गोलाच्या शेजारी त्याच मापाचे आणखी दहा गोल एकमेकांना चिकटून बसलेले असतील, तर ती चरबी. खऱ्या केशवाहिन्या त्या गोलांमधल्या कोपऱ्यांत दडलेल्या असतात, आणि चरबीची ऊती दिसायला रिकामी असली तरी तिचा रक्तपुरवठा चांगला असतो. ते कोपरे शोधायला लावणे हा माझा आवडता छळ आहे.

केशवाहिन्या नसतात तेथे त्या दाखवणे

कूर्चा, कॉर्निया, डोळ्याचे भिंग आणि बाह्यत्वचा यांत रक्तवाहिन्या नसतात, हे सर्वांना पाठ असते आणि तरीही बोटाच्या टोकावरच्या जाड त्वचेच्या छेदात बाह्यत्वचेच्या मधोमध केशवाहिनी दाखवणारे दरवर्षी भेटतात. त्यांचे डोळे चुकत नाहीत. तेथे खरेच केशवाहिनी दिसते. चुकतो तो छेदाचा विचार. अंतस्त्वचेचे उंचवटे खालून बाह्यत्वचेत घुसलेले असतात आणि छेद तिरपा गेला की अशा उंचवट्याचे टोक बाह्यत्वचेच्या मध्ये बेटासारखे एकटे दिसते. त्या बेटात केशवाहिनीचे वेटोळे असते, पण बेट अंतस्त्वचेचेच असते. बेटाच्या कडेने बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थराच्या गर्द पेशींचे कुंपण दिसले की शंका मिटते. कूर्चेच्या बाबतीत आक्रसलेल्या पेशीभोवतीची मोकळी जागा वाहिनीची पोकळी म्हणून खपवली जाते, त्यावर वेगळे काही सांगण्यासारखे नाही. अस्तर पाहा, एवढेच.

‘अभिस्तर ऊतीत कधीच रक्तवाहिनी नसते’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांसाठी एक अपवाद नोंदवून ठेवते: अंतर्कर्णातल्या कॉक्लियाच्या बाहेरच्या भिंतीवरील स्ट्राया व्हॅस्क्युलॅरिस या अभिस्तरात केशवाहिन्या असतात.

छिद्रे दिसली असे लिहिणे

आतड्याच्या किंवा अंतःस्रावी ग्रंथीच्या छेदाखाली ‘भिंतीत छिद्रे दिसतात, म्हणून छिद्रयुक्त केशवाहिनी’ असे कोणी लिहिले, की मी लाल पेन उघडते. ती छिद्रे साधारण साठ ते ऐंशी नॅनोमीटरची असतात आणि साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे दोनशे नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दाखवता येत नाहीत. प्रकार जागेवरून सांगता येतो, डोळ्याने पाहिल्याचा दावा करता येत नाही.

केशवाहिन्या मोजताना छेदाची दिशा विसरणे

ऊतीत केशवाहिन्यांची वाटणी सारखी नसते आणि ही असमानता हाच विषयाचा सर्वांत सुंदर भाग आहे. हृदयाच्या स्नायूत दर चौरस मिलिमीटरला सुमारे तीन हजार केशवाहिन्या असतात आणि जवळजवळ प्रत्येक तंतूला एक केशवाहिनी वाट्याला येते. सांगाड्याच्या स्नायूत त्या बऱ्याच कमी असतात, त्यातही सतत काम करणाऱ्या लाल तंतूंभोवती जास्त आणि झटक्याचे काम करणाऱ्या पांढऱ्या तंतूंभोवती कमी. कंडरेत तर त्या शोधाव्या लागतात. ऑगस्ट क्रोग या डॅनिश शास्त्रज्ञाला 1920 चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच प्रश्नावरच्या कामासाठी. स्नायू काम करू लागला की त्यातल्या आणखी केशवाहिन्या उघडतात, असे त्याने शाई टोचून आणि उघड्या केशवाहिन्या मोजून मांडले. विश्रांतीच्या स्नायूत त्या खरोखर किती बंद असतात यावर पुढे बराच वाद झाला, पण मोजण्याची शिस्त मात्र त्याच्यापासून घ्यावी.

ती शिस्त न घेतल्याचा परिणाम मी जवळून पाहिला आहे. काही वर्षांपूर्वी एक पदव्युत्तर विद्यार्थी माझ्याकडे प्रबंधाचे आकडे घेऊन आला. उंदरांच्या दोन गटांपैकी एकाला त्याने चक्रावर पळवले होते, दुसऱ्याला पिंजऱ्यात ठेवले होते, आणि पायाच्या स्नायूतल्या केशवाहिन्या दर चौरस मिलिमीटरला किती हे मोजले होते. पळालेल्या उंदरांत केशवाहिन्या कमी भरल्या होत्या. मुलगा हुशार होता, मात्र घाईत होता, आणि उलट्या निकालाचे स्पष्टीकरण देणारी दीड पाने त्याने आधीच टंकून आणली होती. मी पाने बाजूला ठेवली आणि काचपट्ट्या मागितल्या.

पहिल्या पाच मिनिटांतच कारण दिसले. पिंजऱ्यातल्या उंदरांच्या छेदात स्नायूतंतू बहुकोनी, जवळजवळ गोल दिसत होते. पळालेल्या उंदरांच्या छेदात सगळे तंतू लंबगोल होते आणि सगळ्यांचा लांबट कल एकाच दिशेला होता. पळालेल्या गटाचे तुकडे मेणात बसवताना तिरपे बसले होते. सांगाड्याच्या स्नायूतल्या केशवाहिन्या बहुतांशी तंतूंना समांतर धावतात. छेद तिरपा झाला की प्रत्येक तंतूचे क्षेत्रफळ फुगते, पण केशवाहिन्यांची संख्या तेवढीच राहते, त्यामुळे दर चौरस मिलिमीटरचा आकडा खाली येतो. आम्ही पन्नासेक तंतूंची लांबी आणि रुंदी मोजली. लांबी रुंदीच्या दीडपट निघाली, म्हणजे घनता खऱ्यापेक्षा एक-तृतीयांशाने कमी मोजली गेली होती. सगळा शोध एवढ्याने संपला.

दर तंतूमागे केशवाहिन्या किती, हे त्याने मोजले असते तर या फसवणुकीतून तो बराचसा वाचला असता, कारण तंतू आणि केशवाहिन्या दोन्ही नग म्हणून मोजले जातात आणि छेदाच्या तिरपेपणाने नगांचे प्रमाण बदलत नाही. याशिवाय त्याने साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनवर मोजणी केली होती. त्या रंगात रिकामी, मिटलेली केशवाहिनी दोन तंतूंमधल्या रेघेत हरवून जाते. तळपटल, म्हणजे पेशीथराखालचे पातळ पटल, रंगवणारी पीएएस पद्धत किंवा एंडोथेलियम ओळखणारे सीडी ३१ सारखे रंजन वापरल्याशिवाय मोजायला बसू नये, असे माझे मत आहे आणि ते मी त्याला ऐकवले. आक्रसण्याचाही हिशेब त्याने केला नव्हता: ऊती लांबीत दहा टक्के आक्रसली तर क्षेत्रफळ एकोणीस टक्क्यांनी घटते आणि घनता जवळपास तेवीस टक्क्यांनी वाढलेली दिसते. दोन्ही गटांवर एकाच दिवशी, एकाच पद्धतीने प्रक्रिया केलेली असेल तरच हे दुर्लक्षित करता येते.

मेणाचे ठोकळे वितळवून, तुकडे सरळ बसवून, पुन्हा काप घेऊन मोजायला त्याला दोन महिने लागले. ती दीड पाने त्याने फेकून दिली की नाही ते मी विचारले नाही. त्यानंतर माझ्याकडे मोजणीसाठी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एकच काम देते: मोजण्याआधी दहा दृश्यक्षेत्रांतल्या तंतूंचे आकार कागदावर उतरवून आणायचे. कल एका दिशेला दिसला तर ठोकळा परत मेणात. हृदयाच्या बाबतीत तर हे आणखी काटेकोरपणे करावे लागते, कारण निलयाच्या भिंतीतले तंतू थराथराने दिशा बदलतात आणि एकाच काचपट्टीवर आडवे, उभे, तिरपे सगळे भाग शेजारीशेजारी सापडतात.

केशवाहिन्यांचे जाळे छेदात दिसत नाही, छेदात फक्त ठिपके आणि तुकडे दिसतात, हेही याच ओघात सांगायला हवे. विल्यम हार्वेने 1628 मध्ये रक्ताभिसरण मांडले तेव्हा रोहिणी व नीला यांना जोडणारा दुवा त्याला दिसला नव्हता. तो मार्चेल्लो माल्पिगीने 1661 मध्ये बेडकाच्या फुफ्फुसात दाखवला, आणि तेथे तो दिसला कारण ते फुफ्फुस पातळ, पारदर्शक आणि न कापताही पाहण्याजोगे होते. पुस्तकातले ते प्रसिद्ध जाळ्याचे चित्र, ज्यात आर्टेरिओलपासून मधला मार्ग निघतो आणि प्रत्येक केशवाहिनीच्या तोंडाशी स्नायूची मुद्रिका असते, तेही मुख्यतः आतड्याला धरून ठेवणाऱ्या मेसेंटरीसारख्या पातळ पडद्यावरच्या निरीक्षणांतून आलेले आहे. सर्व ऊतींत ते तसेच असते असे समजून स्नायूच्या छेदात त्या मुद्रिका शोधत बसणे म्हणजे वेळ घालवणे आहे.

काही किरकोळ गोष्टी

रक्त नेहमी आर्टेरिओलकडून केशवाहिनीतून व्हेन्यूलकडेच जाते असे लिहू नये. मूत्रपिंडातला ग्लोमेरुलस हा केशवाहिन्यांचा गुच्छ दोन आर्टेरिओलच्या मध्ये असतो आणि यकृतात पोर्टल नीलेचे रक्त सायनसॉइड नावाच्या रुंद पोकळ्यांमधून पुन्हा नीलेतच जाते. सायनसॉइडला ‘मोठी केशवाहिनी’ म्हणून मोकळे होऊ नये, तिची भिंत सलग नसते हे सांगावे. आयपीसला मोबाइल लावून फोटो काढला म्हणजे पाहणे झाले असे मानू नये, कारण फोटोत फोकसची बारीक फिरकी फिरवता येत नाही आणि भिंतीचे थर त्या फिरकीनेच सुटे होतात. प्लीहेच्या पांढऱ्या भागातली ‘मध्यवर्ती’ आर्टेरिओल मध्यभागी शोधू नये, ती बहुधा एका बाजूला सरकलेली असते.

राहता राहिली ऊतीतला द्रव वाहून नेणारी लसीकावाहिनी आणि लहान व्हेन्यूल यांची गफलत. लसीकावाहिनीची भिंत अधिक पातळ असते, पोकळी वेडीवाकडी असते, आत बहुधा तांबड्या पेशी नसतात आणि नशीब चांगले असेल तर झडपेची बारीक पाने दिसतात. मात्र ऊती काढताना सांडलेले रक्त लसीकावाहिनीत शिरू शकते आणि व्हेन्यूल रिकामी असू शकते, त्यामुळे साध्या रंगाच्या एकाच छेदावर अनेकदा कोणालाही खात्री देता येत नाही. अशा वेळी लसीकावाहिनी ओळखणारे पोडोप्लॅनिनचे रंजन लागते आणि ते पहिल्या वर्षाच्या टेबलावर नसते. ‘पातळ भिंतीची वाहिनी, लसीकावाहिनी किंवा व्हेन्यूल, झडप न दिसल्याने निश्चित सांगता येत नाही’ असे लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देते, आणि ‘लिम्फॅटिक’ एवढेच लिहून बरोबर ठरलेल्याला अर्धे.